घंटा वाजवणाऱ्या इसमाबाबत

राग हा माझ्या धंद्याचा भाग नव्हता, हे प्रथम नमूद करतो. अर्जनवीस थंड डोक्याचा असावा लागतो. सत्तेचाळीस सालापासून अलिबागच्या कचेरीच्या आवारात, बदामाच्या झाडाखाली, सरकारी सनद घेऊन मी लोकांचे अर्ज लिहीत बसलो, आणि त्या टेबलाशी आलेल्या एकाही माणसावर कधी आवाज चढवला नाही. राग मी घरी नेत असे, आणि घरी गेल्यावर त्याची पत्रे करीत असे.

या नाताळ अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. पेशातील अनुभव लिहावेत, आणि जगात जे चालले आहे त्याकडे ख्रिस्ती माणसाने कसे पाहावे यावर स्वतंत्र टिपण द्यावे. या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत. त्या एकदा माझ्याच हातून एका पत्रात एकत्र आल्या होत्या, आणि त्याचे परिणाम तिसऱ्या माणसाला भोगावे लागले. तेवढेच लिहितो.

ज्यांना कचेरीचा अनुभव नाही त्यांच्यासाठी धंदा थोडक्यात सांगतो. ज्याला लिहिता येत नाही, किंवा लिहिता येते पण सरकारला कसे लिहावे हे कळत नाही, तो अर्जनवीसाकडे येतो. तो बोलतो, आपण ऐकतो. तासभराच्या बोलण्यातून सासूचा स्वभाव, शेजाऱ्याची नियत आणि मागील जन्मीचे पाप वजा केले की चार-पाच कलमे उरतात. ती क्रमांक घालून लिहायची, वाचून दाखवायची, आणि पक्षकाराने मान डोलावली की अंगठा घ्यायचा. लोकांना वाटते, आम्ही शब्द विकतो. वस्तुस्थिती अशी की आम्ही शब्द काढून टाकतो.

समुद्राविरुद्ध अर्ज करायला आलेली एक विधवा मला आठवते. उधाणात बांध फुटून तिच्या भातखाचरात खारे पाणी शिरले होते. मी म्हटले, "बाई, समुद्राला प्रतिवादी करता येत नाही." ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "मंग त्याचा मालक कोन हाय, त्याचं नाव घाला." मी बांधाच्या दुरुस्तीसाठी अर्ज लिहून दिला. पण मालकाचा प्रश्न तिने माझ्यापुढे ठेवला, तो मी अनेक रविवार मनात वागवला.

रविवारचा उल्लेख आला, तर आमच्या प्रॉटेस्टंट मंदिरातील, म्हणजे चर्चमधील, एक प्रथा सांगणे भाग आहे. आमची मंडळी लहान, चाळीस-पंचेचाळीस माणसांची. उपासनेत जगासाठी प्रार्थना होण्यापूर्वी मंडळीतील एका वडीलधाऱ्याने उठून त्या आठवड्यातील जगाची हकीकत सांगावी, म्हणजे प्रार्थना कशासाठी हे सर्वांना कळावे, अशी जुनी वहिवाट होती. वर्तमानपत्र रोज वाचणारा मीच, म्हणून ते काम माझ्याकडे आले. कोरियातील लढाई, सुएझचा कालवा, हंगेरीत शिरलेले रणगाडे, समुद्रात फोडलेले बॉम्ब, हे सारे मी त्या चाळीस माणसांना उभे राहून सांगितले. परंतु मी हकीकत सांगत नसे, निकाल देत असे. कोणते राष्ट्र दोषी, कोणत्या कलमाखाली दोषी, आणि परमेश्वराने काय शिक्षा करणे न्यायाचे होईल, हे सर्व मी पाच मिनिटांत उरकत असे. देव न्यायाधीश आहे यावर माझी पूर्ण श्रद्धा होती, आणि न्यायाधीशापुढे प्रकरण नीट मांडणारा कोणी तरी हवा, अशी माझी समजूत होती.

आमचे पाळकसाहेब सौम्य गृहस्थ. एकदा दारात हात मिळवताना ते मला म्हणाले, "दादा, तुम्ही आज दोन्ही बाजूंना फाशी दिलीत. आता मी प्रार्थना कोणासाठी करू?"

मी म्हटले, "न्यायासाठी करा."

"ती माझ्याच अंगावर येईल अशी भीती वाटते," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले. मला तो विनोद वाटला, आणि थोडा रागही आला.

आता मुख्य प्रकरण.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, रोमन कॅथलिक ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती आहे. ते लोक घरात पोर्तुगीज वळणाची आपली निराळी बोली बोलतात आणि बाहेर आपल्यासारखीच मराठी. तेथील देवळाची घंटा वाजवणारा पासकोल हा साठीच्या घरातला विधुर माणूस. त्याचा जन्म गोव्यातला. लहानपणी मामाच्या गलबतातून तो या किनाऱ्यावर आला आणि येथेच राहिला, लग्न केले, भाताची शेती आणि थोडी मासेमारी करून त्याने मुले वाढवली. पंचावन्न साली गोव्याची वाट बंद झाली तेव्हा तो माझ्या टेबलाशी आला. त्याची आई तिकडे मरणाला टेकली होती आणि हद्द ओलांडण्याची परवानगी त्याला हवी होती. मी अर्ज लिहिला. कलम दोनमध्ये, त्याच्या सांगण्यावरून, जन्मस्थान लिहिले. परवानगी मिळाली नाही. आई गेली.

एकसष्ट सालच्या डिसेंबरात गोव्याचा प्रश्न हातघाईवर आला होता. वर्तमानपत्रात एका वाचकाचे पत्र छापून आले की या किनाऱ्यावरचे ख्रिस्ती लोक मनाने पोर्तुगीजच आहेत आणि त्यांच्या गलबतांची वाट पाहत आहेत. मी ते सकाळी वाचले. दुपारपर्यंत माझे अकरा कलमांचे उत्तर तयार होते. पत्नी म्हणाली, "उद्या टाका. तुमची पत्रं उद्या टाकली की निम्मी होतात." मी त्याच दिवशी टपालात टाकले.

उत्तरात इतिहास होता, राज्यघटना होती, पवित्र शास्त्र होते. सातव्या कलमात मात्र मला जिवंत पुरावा हवासा वाटला. म्हणून मी लिहिले की खाडीपलीकडच्या गावी देवळाची घंटा वाजवणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत, जन्माने गोव्याचे, ज्यांना आईच्या मरणाला जाता आले नाही, आणि तरीही ज्यांच्या तोंडून या देशाविरुद्ध एक अक्षर निघाले नाही; अशा माणसाच्या निष्ठेवर शंका घेणाऱ्याने लाज बाळगावी. नाव मी घातले नाही. पक्षकाराचे नाव उघड करणे सनदेच्या नियमांविरुद्ध आहे, हे मला पक्के ठाऊक होते, आणि मी नियम पाळला याचे मला समाधान होते.

पत्र पूर्ण छापून आले. रविवारी मंडळीतील लोकांनी माझे अभिनंदन केले. त्याच सुमारास आपले सैन्य गोव्यात गेले आणि दोन दिवसांत प्रश्न मिटला. मी मंदिरात उभा राहून तोही निकाल दिला.

नाताळच्या दोन दिवस आधी पासकोलची मुलगी रोजा माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. हातात पत्राचे कात्रण होते.

"मास्तर, हे तुमी लिवलंत?"

"होय."

"माज्या बापाला चौकीवर बोलावलान. परदेशी म्हून नाव नोंदव सांगतान. गाव सोडून जायाचं न्हाय. गावातली लोका बोलतात, घंटा वाजवू नको, कोन बोलंल हा बोटींना खूण करतो म्हून." तिने कात्रण टेबलावर ठेवले. "नाव न्हाय टाकलंत, व्हय? आमच्या गावात घंटा वाजवनारे किती हायत, मास्तर?"

एकच होता. हे मला पत्र लिहिताना ठाऊक होते. मी नाव लपवले आणि माणूस दाखवला. कायदा समजणाऱ्या माणसाकडूनच अशी चूक होते. न समजणाऱ्याने एकतर नाव छापले असते, किंवा तो गप्प बसला असता.

त्या नाताळला त्या गावात घंटा वाजली नाही. मी आमच्या मंदिरात होतो. पाळकसाहेबांनी शांतीबद्दल उपदेश केला. मी जगाची हकीकत सांगितली नाही. घसा बसला आहे असे सांगितले, आणि ते खोटे होते.

कायद्याची बाजू अशी होती. एखाद्या इसमावर परकीय असल्याचा आरोप आला की तो परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच इसमावर पडतो. पासकोलकडे कागद एकही नव्हता. परंतु आपल्या घटनेच्या पाचव्या कलमाप्रमाणे, पन्नास सालच्या प्रजासत्ताक दिनी ज्याचा अधिवास या देशात होता आणि त्यापूर्वी निदान पाच वर्षे जो येथे राहत होता, तो जन्माने कोठलाही असला तरी या देशाचा नागरिक ठरतो. रहिवास सिद्ध करता आला तर प्रकरण आमच्या बाजूने होते. न आला, तर घर, शेत आणि मुलांच्या देशात तो परका ठरणार होता.

पुरावा त्यांच्या देवळातील नोंदवह्यांत असणार. मी रेवदंड्यापर्यंत मोटारीने आणि तेथून होडीने खाडी ओलांडून गेलो. त्या देवळात मी पूर्वी पाऊल टाकले नव्हते. त्यांच्या मूर्ती, मेणबत्त्या आणि पोप यांविषयी मी वीस वर्षे जे बोललो होतो, ते खाडीपलीकडे पोहोचले होते, हे फादरांच्या चेहऱ्यावरून कळले.

"तुमचे पत्र वाचले," ते म्हणाले. "मराठी उत्तम आहे."

त्यांनी वह्या काढल्या. लॅटिनमधील नोंदी ते बोट ठेवून वाचत होते आणि मी मराठीत उतरवत होतो. पासकोलचे लग्न. मग एकामागून एक सात मुलांचे बाप्तिस्मे. दोन मुलांचे दफन. सेहेचाळीस साली पत्नीचे दफन. अठ्ठेचाळीस साली थोरलीचे लग्न. त्यानंतर घंटेचे काम त्याच्याकडे सोपवल्याची नोंद. जगाच्या पाठीवर एवढी युद्धे झाली, त्यांतील प्रत्येकाविषयी मी मत दिले होते. त्याच वर्षांत एका माणसाच्या घरी काय घडले ते त्या वह्यांत होते, आणि मला हवा तो पुरावा त्यात पूर्ण होता. फक्त लग्नाच्या नोंदीत वराच्या नावापुढे गोव्यातील गावाचे नाव होते.

पासकोल देवळाच्या पायरीवर बसला होता. रोजाने त्याला माझ्यासमोरच सांगितले, "बाबा, मास्तर लिवतील, जलम इथलाच. पेपरात चुकून छापलं म्हून सांगतील. सुटलास मंग."

हा मार्ग मलाही सुचला होता, हे लपवत नाही. पंचावन्न सालचा अर्ज कोणी दप्तरातून उकरून काढला नाही आणि नोंदवही दाखवली नाही, तर त्याच्या गोव्यातील जन्माचा चौकीकडे असलेला पुरावा म्हणजे माझे पत्र. ते रचलेले होते असे मी शपथेवर सांगितले असते, तर प्रकरण तेथेच संपले असते. आयुष्यात प्रथमच मी खोटा अर्ज लिहायला तयार होतो.

पासकोल म्हणाला, "आयशीची माती तिकडं हाय. मेल्यावर तिला जाऊन काय सांगू, मी तुज्या घरात जलमलो न्हाय म्हून? खरं लिवा. जसं हाय तसं लिवा."

"खरे लिहिले तर धोका आहे," मी म्हटले.

"धोका तुमी पेपरात लिवलात तवाच झाला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. होडीतून पाणी काढताना बोलावे तसे तो बोलला.

मी खरे लिहिले. कलम एक, जन्म गोव्यात. कलम दोनपासून नऊपर्यंत वहीतील नोंदी. दहाव्या कलमात मी स्वतःविषयी लिहिले: ही माहिती पक्षकाराने विश्वासाने दिलेली असून ती प्रस्तुत अर्जनवीसाने त्याच्या संमतीवाचून वर्तमानपत्रात प्रसिद्ध केली. हे कलम वकिलाने काढायला सांगितले असते. म्हणून मी वकील केला नाही.

जानेवारीत सुनावणी झाली. अधिकारी तरुण होते आणि घटना वाचलेले होते. फादर वह्या घेऊन आले होते. पासकोलबरोबर चाळीस वर्षे जाळे ओढलेला राघो कोळी साक्षीला आला होता. साहेबांनी त्याला विचारले, "हा इसम किती वर्षे इथे राहतो?"

"साल ठावं न्हाय साहेब. माज्या लग्नात हा नाचला हाय, आन् माज्या नातवाच्या लग्नात पन नाचला. तुमी मोजा."

"पोर्तुगीज सरकारविषयी हा कधी काही बोलला?"

"त्याला सरकारविषयी काय ठावं? वाऱ्याविषयी बोलतो. त्ये पन चुकीचं."

साहेब हसले नाहीत, पण लिहिणाऱ्या कारकुनाची लेखणी थांबली होती. मग त्यांनी दहावे कलम पुन्हा वाचले आणि माझ्याकडे पाहिले. "हे तुम्ही स्वतः लिहिले? याने तुमची सनद जाऊ शकते."

"होय साहेब. जावी अशीच विनंती आहे."

"तो विषय आज माझ्यापुढे नाही," ते म्हणाले.

आठ दिवसांनी हुकूम झाला. पासकोल हा घटनेच्या पाचव्या कलमान्वये या देशाचा नागरिक असून परकीय म्हणून त्याची नोंद करण्याचे कारण नाही. हुकूम चार ओळींचा होता. मी आयुष्यात वाचलेला सर्वांत चांगला मजकूर तो आहे, असे मी आजही म्हणतो.

त्यानंतरच्या वर्षांतही जग थांबले नाही. बासष्टचे युद्ध झाले, पासष्टचे झाले, आणि मंदिरातील काम अजून माझ्याकडेच आहे. मी आता काय घडले ते सांगतो आणि बसतो. ख्रिस्ती माणसाने जगाकडे कसे पाहावे, या संपादकांच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे. न्याय नको असे मी म्हणत नाही. पाचव्या कलमावाचून पासकोल सुटला नसता. परंतु ज्याच्याविषयी बोलायचे त्याचा चेहरा पाहिल्यावाचून बोलू नये. प्रभूला एका कायदेपंडिताने शेजारी कोण अशी व्याख्या विचारली होती. प्रभूने व्याख्या दिली नाही, रस्त्यावरचा एक जखमी माणूस दाखवला. मी आयुष्यभर व्याख्येच्या बाजूने होतो. राग माझा गेलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पत्रे अजून लिहितो. फक्त दुसऱ्या दिवशी टाकतो, आणि पत्नी म्हणते तशी ती निम्मी होतात.

माझ्या सनदेचा विषय मात्र माझ्यापुढे होता. नियमांप्रमाणे अर्जनवीसाविरुद्ध चौकशी व्हायची तर बाधित पक्षकाराची तक्रार लागते. तेव्हा मी ती तयार केली. पासकोलच्या वतीने, माझ्याविरुद्ध, सहा कलमांची. स्वतःला कोठेही सवलत दिली नाही. हुकुमानंतरच्या फेब्रुवारीतील एका दुपारी ती घेऊन मी पुन्हा खाडी ओलांडली. तो अंगणात जाळे विणत बसला होता. मी तक्रार वाचून दाखवली आणि शाईची गादी उघडून त्याच्यापुढे धरली.

"आंगठा कशाला?" त्याने विचारले.

"तुमच्या तक्रारीवर. मग चौकशी होईल आणि मला शिक्षा होईल."

"माजी तक्रार न्हाय."

"पण तुमचे नुकसान झाले आहे. तुमची गोष्ट तुम्हाला न विचारता मी जगापुढे मांडली. हे कलम तीनमध्ये आहे."

"इचारलं असतंत तर मी व्हय म्हटलं असतं," पासकोल म्हणाला. "लिवलं चांगलंच व्हतं. रोजानं वाचून दावलं तवा आयशीच्या जागी मना रडाया आलं."

मी गादी तशीच धरून होतो. म्हटले, "पासकोलबाबा, तुम्ही अंगठा दिला नाहीत तर हे प्रकरण कधी निकाली निघणार नाही. मी मोकळा होणार नाही."

त्याने जाळ्यातली सुई वर काढली आणि प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले.

"मोकळं व्हायाला लिवून आनलंत व्हय?" तो म्हणाला. "मंग नका होऊ. ऱ्हावा तसंच. आमी न्हाय ऱ्हात?"

मग तो उठला. संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली होती. जाताना त्याने मला जाळ्याचे टोक धरायला सांगितले, वाऱ्याने गुंतू नये म्हणून. मी ते धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने घंटा वाजू लागली. शाईची गादी वाळून गेली.